खाली, बारीक अक्षरात

तांडापेठेत माहं दुकान, कुमुद पिको-फॉल.
शटर अर्धंच उघडते, वरचं अर्धं
सतरा सालापासून अडकून हाये,
म्हनून भेद्रा वाकूनच आत येते.
खरं नाव प्रज्योत. लहानपनी रडला का
भेद्र्यासारखा लाल व्हाये.

मे महिना. म्हने, मावशी, कूलर बंद कर
अन् मशीन चालव.
सत्तेचाळीस डिग्रीत कूलर बंद!
मी म्हनलं, पोट्ट्या, मारतो काय?
त्यानं मोबाईल ठेवला बॉबिनच्या डब्याले टेकवून
अन् मी एका मोतिया शालूची पुरी कड मारली,
घाम साडीवर पडू नाई म्हनून मान वाकडी करून.
टिक्टिक्टिक्-टिक्. कोपऱ्यावर थांबे. पुन्हा टिक्टिक्.
शालू खापेकरबाईच्या पोरीचा होता.
थे लग्न मोडलं. पन थे जाऊ द्या.

"ट्रॅप म्हन्ते याले," म्हने.
ट्रॅप म्हंजे सापळा. मले वाटलं उंदराचा,
नाईतर थो, साहेबांसाठी लावतेत थो,
नोटांना पावडर लावून.
"कोन फसते त्याच्यात?"
"जो आयकन थो."

गानं निंगालं शुक्रवारी, रातच्या बाराले.
नाव "सत्तेचाळीस".
निंगालं म्हंजे काय, कोनी दारात आलं नाई,
पेढा नाई, हार नाई.
आमी पाच जनं गच्चीवर, एका फोनवर डोकी टेकवून,
अन् आकडा एकशे सहावर बसला
रस्त्यातल्या म्हशीसारखा.
शंभर त्याचे दोस्त, पाच आमी.
उरलेला एक कोन, थे आजून समजलं नाई.

सोमवारी बर्डीच्या सिग्नलवर एका पोट्टीनं
तोंडाले दुपट्टा बांधून, नुसते डोये उघडे,
त्या गान्यावर भुवई उडवली. नऊ सेकंद. बस.
मंग साऱ्या नागपुरातल्या भुवया उडाल्या,
मंग रायपूरच्या, मंग कुठीतरी दुबईच्या.
म्हैस उठली अन् धावत सुटली.
आठ लाख. साठ लाख.
कोटीतले शून्य मी बटनं मोजते तसे
बोटानं सरकवून मोजले.

आता इतवारीच्या ई-रिक्षात माही मशीन.
वरातीत, डीजेच्या भिंतीतून, छातीत लागते माही मशीन.
शेजारचे बारापात्रे मास्तर दहा वर्षं ओरडले
का दुपारची झोप मोडते;
त्यायच्या नातवाची रिंगटोन माही मशीन.
मास्तर काई बोलत नाई. मी बी नाई.

मुंबईहून कंपनीचा मानूस आला, विमानानं,
जुलैत संत्रं मागतलं त्यानं.
कागद बारा पानांचा. भेद्र्यानं मले दाखवला,
जशी मी वकील.
मी कड पायली. कापड कसंबी असो,
कड धड नसली का उसवते.
सातव्या पानावर बोट ठेवलं: "कायमस्वरूपी".
थो म्हने, मावशी, सारेच करतेत.
केली सही.

आलेल्या पैशातून त्यानं मले मशीन आनून देल्ली,
जपानी, पांढरी. आवाज नाई.
मांजर चालते तशी चालते,
अन् माहा हात चुकू लागला.
पंचवीस वर्षं मी कानानं पिको मारत होती,
थे मलेच मालूम नव्हतं.

म्हनून आता दुपारी, कूलर लावून,
मी "सत्तेचाळीस" लावते,
सुरुवातीचे विसेक सेकंद,
भेद्रा तोंड उघडायच्या आंधी बंद करते,
पुन्हा मांगं घेते, पुन्हा.
दिवसातून साठ-सत्तर खेप.
त्याचेही पैसे कोनाले तरी जात असतीन.

जुनी मशीन मांगच्या खोलीत, मोटर जयलेली,
वर फॉलचे गठ्ठे.
भेद्रा म्हन्ते, गान्याच्या खाली बारीक अक्षरात
तिचं नाव लिवलं हाये.
असन.
मले तेवढं बारीक दिसत नाई,
सुईत दोरा ओवायलेही आता
समोरच्या पोट्टीले आवाज द्या लागते.